कड्याचे लाकूड आणि कातड्याचा इतिहास

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात लोकवाद्यांचे एक दालन उभारायचे ठरले. माझ्या घरी आजोबांची हलगी आहे हे एका सहकारी प्राध्यापकांना ठाऊक होते. त्यांनी मोठ्या आपुलकीने एक छापील तक्ता माझ्या हाती दिला. वाद्याचे नाव, प्रदेश, आकार, लाकूड, अंदाजे काळ असे त्यात पाच रकाने होते. हलगी, बालाघाट परिसर, हात-दीड हात व्यास, इथवर मी लिहिले आणि लाकडापाशी थांबलो. ज्या हलगीखाली मी लहानाचा मोठा झालो, तिचे कडे कोणत्या झाडाचे हे मला माहीत नव्हते. वडिलांना फोन लावला.

"दादा, आपल्या हलगीचं कडं कशाचं हाय?"

"आंब्याचं. सुताराकडं उरल्याल्या फळीचं. का रं?"

"कॉलेजात लिहून द्यायचंय."

थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "आन् कातडं कशाचं, ते न्हाई इचारलं व्हय?"

नव्हते विचारले. तक्त्यात तो रकानाच नव्हता. मी इतिहास शिकवतो. कागदावर काय आहे याइतकेच काय नाही हेही वाचावे, असे दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. तरी वडिलांनी विचारेपर्यंत ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. हा लेख त्या न छापलेल्या रकान्याविषयी आहे.

१

लाकडाला काहीच महत्त्व नाही असे मला म्हणायचे नाही. लाकडाचे श्रेय लाकडाला दिलेच पाहिजे. चर्मवाद्यात लाकूड तीन कामे करते. पहिले काम ताण सोसण्याचे. ताणलेले कातडे चहूबाजूंनी खोडाला आवळत असते, म्हणून चिवट, न तडकणारे आणि पुरते वाळलेले लाकूड लागते. दुसरे काम थरथर न गिळण्याचे. हाताची थाप कातड्यावर पडते. ती थरथर खोडात मुरली तर नाद लवकर मरतो. जड आणि घट्ट लाकूड स्वतः फारसे हलत नाही, म्हणून कातड्याचा नाद कातड्यावरच टिकतो. शिसव, खैर, फणस यांचे मोल ते हेच. तिसरे काम आतल्या पोकळीला आकार देण्याचे. मृदंग-पखवाजासारख्या दोन तोंडांच्या वाद्यात ही पोकळी एका पुडीची थाप दुसरीपर्यंत पोचवते. तिचा आकार आणि खोडाची जाडी बदलली की आवाज बदलतो.

परंतु या तिन्ही कामांत लाकूड धरणारे आहे, बोलणारे नाही. बोलते ते कातडे. परदेशी ड्रमसेटच्या बाबतीतही हेच आढळते. मेपलचा आवाज भरीव आणि समतोल, बर्चचा टोकदार, महोगनीचा खर्जाकडे झुकणारा, असे दुकानदार सांगतो आणि ते खोटे नाही. पण ड्रमची जाडी, त्याचा व्यास, पुडी जिथे टेकते ती कड, पुडीची जात आणि तिचा ताण यांनी जेवढा फरक पडतो, त्यापुढे झाडाचा फरक लहान आहे. आमच्या वस्तीतल्या बँजो पार्टीची पोरे स्वस्तातला ड्रमसेट आणतात आणि पुडी नीट आवळून त्याच्याकडून मोठ्या ड्रमचे काम करून घेतात. त्यांना हे शास्त्र कोणी शिकवलेले नाही. त्यांच्या हाताला ते कळते.

हलगीचे तर याहून वेगळे. तिला पोकळी अशी नाहीच. चार बोटे रुंदीचे एक कडे आणि त्यावर एकच कातडे. आंबा की बाभूळ याने तिच्या आवाजात पडणारा फरक थोडा. कड्याने फक्त गोल राहायचे. हलगी शेकावी लागते. दमट हवेत कातडे ढिले पडते. आगीची धग लागली की आवळते आणि कडाडू लागते. त्या धगीने कच्च्या लाकडाला बाक येतो, म्हणून वर्षानुवर्षे वाळलेली फळी लागायची. आमच्या आजाला ती सुताराच्या टाकाऊ ढिगात मिळाली. तीन तुकडे जोडून आणि वर लोखंडी पट्टी ठोकून त्याने कडे केले.

२

आपल्या संगीतशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तारेचे ते तत, फुंकीचे ते सुषिर, धातूचे ते घन. आणि आपली चर्मवाद्ये? ती 'अवनद्ध', म्हणजे मढवलेली. या वर्गाचे नाव शास्त्रानेच कातड्यावरून ठेवले आहे. 'मृदंग' हे नाव तर मातीचे अंग सांगते. नाट्यशास्त्राच्या काळी या वाद्यांची खोडे मातीची असत. लाकूड मागाहून आले. खोड माती सोडून लाकडाचे झाले तरी वाद्य तेच राहिले, कारण त्याचे कातडे तेच राहिले.

नाट्यशास्त्र कातड्याविषयी बारकाईने बोलते. कातडे जुने नसावे, फाटलेले नसावे, कावळ्यांनी टोचलेले नसावे, त्यावर चरबी राहिलेली नसावी, धूर किंवा आग लागून ते बिघडलेले नसावे, अशी लक्षणे त्यात दिली आहेत. आणि हे कातडे गाईचे आहे हेही त्यात लपवलेले नाही. पुडीवर नदीकाठची काळी माती लावून सूर जुळवण्याची रीतही सांगितली आहे. मी हे वाचताना कावळ्यांपाशी थांबलो. कातडे कावळ्यांनी टोचलेले असू शकते, याचा अर्थ ते उघड्यावर पडलेल्या मेल्या जनावराचे असू शकते. ते जनावर गावाबाहेर कोणी ओढून नेले? कावळे हाकलत ते कोणी सोलले? चरबी कोणी खरवडली? शास्त्राला कातड्याचे सगळे गुणदोष माहीत आहेत. ते कमावणारा माणूस मात्र त्यात नाही.

तेराव्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद, आमच्याच मराठवाड्यातले. त्या ग्रंथात खैर, बीजक म्हणजे आपला बिबला, अशी वाद्यांच्या लाकडांची नावे येतात. मर्दलाच्या पुडीवर भात आणि राख मळून लावायचा लेप येतो. देवगिरीच्या किल्ल्याखाली तेव्हाही वाडे असतील, वेशीबाहेर वस्त्या असतील, आणि त्या लेपाची राख कोणीतरी चाळत असेल. ग्रंथात झाडाला नाव आहे, त्या माणसाला नाही.

३

लेपाची ही गोष्ट साधी नाही. भौतिकशास्त्र सांगते की साध्या ताणलेल्या गोल कातड्यातून निघणारे नाद एकमेकांशी सुरेल प्रमाणात नसतात. मूळ नाद एक धरला, तर पुढचे १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे येतात. म्हणून साध्या ढोलाला ठाम असा स्वर नसतो. भारतीय वाद्यांत मात्र पुडीच्या मध्यावर शाईचे वजन बसवलेले असते. १९२० साली सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी कुमार यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की या लेपामुळे तबल्या-मृदंगाचे नाद तारेच्या वाद्याप्रमाणे एक, दोन, तीन, चार, पाच अशा सरळ प्रमाणात येतात. १९३४ साली रामन यांनी यावर सविस्तर निबंध लिहिला. पुडीवर बारीक वाळू पसरून त्यांनी थरथरीच्या आकृती मिळवल्या आणि नऊ प्रकारची कंपने पाच सुरेल नादांत कशी गोळा होतात ते स्पष्ट केले.

हा शोध मोठाच आहे. पण रामन यांनी शोधला तो नियम. ज्या वस्तूत तो नियम होता, ती वस्तू शेकडो वर्षे कानाने घासून-पुसून कोणी घडवली? थरावर थर चढवत, प्रत्येक थर दगडाने घोटत, मध्येच थाप मारून ऐकत, किती थरांनंतर कातडे स्वर धरते हे कोणाला कळले? ही प्रयोगशाळा बहुधा गावाबाहेर होती, आणि तिथल्या संशोधकांना वेदमंत्राचा उच्चार तर दूरच, तो ऐकण्याचाही अधिकार नव्हता.

तमिळनाडूत याचे उत्तर नावानिशी मिळते. कर्नाटक संगीतातला मृदंग फणसाच्या खोडाचा. त्या लाकडाचे गुणगान पुष्कळ झाले आहे. पण त्याच्या पुड्यांना गाय, शेळी आणि म्हैस या तिघींची कातडी लागतात. २०२० साली गायक टी. एम. कृष्णा यांनी 'सेबास्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहून मृदंग घडवणाऱ्यांचा इतिहास प्रथमच सविस्तर मांडला. पुस्तकाचे नाव ज्या घराण्यावरून आहे ते दलित ख्रिस्ती कारागिरांचे. याच घराण्यातले परलांदू हे पालघाट मणी अय्यर (१९१२–१९८१) यांचे मृदंग घडवीत. मणी अय्यरांच्या हाताला जो नाद हवा असे, तो परलांदू कातड्यातून काढून देत. एकाचे नाव संगीताच्या प्रत्येक इतिहासात आहे. दुसऱ्याची कहाणी सविस्तर छापून यायला २०२० साल उजाडावे लागले.

आणि उजाडल्यावर काय झाले? चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने प्रकाशन समारंभासाठी सभागृह देऊ केले होते; पुस्तकातला काही भाग वृत्तपत्रात येताच सलोख्याचे कारण पुढे करून परवानगी मागे घेतली. समारंभ दुसरीकडे झाला. गाईचे कातडे पुडीत असते हे प्रत्येक वादकाच्या बोटांना माहीत आहे, नाट्यशास्त्राला माहीत आहे. ते मोठ्याने म्हणणे तेवढे निषिद्ध. फणसाचे लाकूड व्यासपीठावर चालते. कातड्याचा विषय निघाला की दिवे मालवले जातात.

४

आता माझ्या घरची गोष्ट.

मांगवाड्याकडे गावाने जी कामे लावली त्यांत दोर वळणे, केरसुण्या बांधणे आणि हलगी वाजवणे ही मुख्य. लग्न, जत्रा, बैलपोळा, मयत, दवंडी, सगळ्याला हलगी लागे. मोबदला म्हणजे खळ्यावर पसाभर धान्य आणि उरलेले अन्न. हलगीचा आवाज असा तीक्ष्ण आणि लांब जाणारा का, याचे भौतिकशास्त्र सोपे आहे: पातळ कातडे, भरपूर ताण, वर बारीक काडी आणि जाड टिपरू. त्याचे समाजशास्त्रही तेवढेच सोपे आहे. मृदंग वाजवणारा देवाजवळ बसतो, म्हणून त्याच्या नादाला दूर जायचे कारण नाही. हलगी वाजवणारा देवळाच्या पायरीखाली, मांडवाच्या बाहेर उभा. त्याला आत यायची बंदी होती. त्याच्या आवाजाला मात्र गाभाऱ्यापर्यंत जायची सक्ती होती. माणसाच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्यांनी त्याच्या आवाजाचा विटाळ कधी मानला नाही. तो त्यांच्या सोयीचा होता.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले आणि मेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे आपल्या माणसांना बजावले. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या गावच्या बौद्ध वस्तीने ढोरे ओढणे सोडले, दवंडी सोडली. गावाने त्यांचे पाणी आणि काम दोन्ही तोडले. ते वाकले नाहीत. पण हे लिहिताना एक गोष्ट लपवणे अप्रामाणिक ठरेल. त्यांनी टाकलेली कामे गावाने आमच्या आजाच्या गळ्यात घातली, आणि त्याने ती घेतली. "अजून वाजवतोस?" असे त्या वस्तीतला त्याचा जिवलग मित्र त्याला विचारी. प्रश्न रास्त होता. आजाजवळ उत्तर नव्हते, घरात सहा तोंडे होती. दोन वस्त्यांमधली बोळ तेव्हापासून रुंद होत गेली. 'नकार' हा आपल्या साहित्याने मराठीला दिलेला मोठा शब्द आहे. पण नकाराला पाय टेकायला जागा लागते, जमीन लागते, नाहीतर पगार लागतो. ज्याच्याजवळ यातले काहीच नाही त्याचा नकार उशिरा येतो. उशिरा आलेल्या नकारालाही इतिहासात जागा हवी.

आमच्या घरात तो १९७६च्या वैशाखात आला. वडील तेव्हा एकवीस वर्षांचे. एका मोठ्या घरच्या वरातीत वळवाचा पाऊस आला आणि हलग्या भिजून ढिल्या पडल्या. नुसती थपथप निघू लागली. "वाजव की रं, खाल्लं न्हाई का?" असे कोणीतरी ओरडले. वडिलांनी हलगी शेकायला विस्तव मागितला. मांडवातून एकाने चुलीतले निखारे फावड्यावर आणले आणि अंतर राखून वडिलांच्या पायाशी चिखलात फेकले. ते विझले. वडिलांनी वाकून एक निखारा फुंकून पाहिला. मग हलगी पालथी काखेत धरली आणि चार कोस चालत घरी आले. पुढे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, पण हलगी धरली नाही. आजा गेला तरी ती आढ्याला टांगलेली राहिली, आणि मला हात लावू दिला नाही. "तुझ्या हातात पेन शोभंल," म्हणत.

पेन शोभले. घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो. मात्र त्याची एक किंमत आहे आणि ती मी आज मोजतो. मृदंगाची पाच प्रमाणे मी फळ्यावर मांडू शकतो, पण आजाला येणारा एकही ठेका माझ्या हाताला येत नाही.

५

हलगी मेली असती तर निदान शोक करता आला असता. तिला मागणी आहे. तहसील कचेरीसमोर सर्व पक्षांची 'हलगीनाद आंदोलने' होतात. पुढारी पाच मिनिटे हलगी गळ्यात अडकवून छायाचित्र काढून घेतात. मग ती ज्याची त्याला परत जाते आणि तो रोजावर वाजवत राहतो. छायाचित्रात तो नसतो.

वाद्यही बदलले. लाकडाच्या कड्याची जागा बहुतेक ठिकाणी लोखंडाने घेतली. ते धगीला वाकत नाही. कातड्याची जागा प्लॅस्टिकची पुडी घेत आहे. परदेशी ड्रमवर १९५०च्या दशकातच पॉलिएस्टरच्या पुड्या आल्या आणि वासराचे कातडे मागे पडले. आपल्याकडे प्लॅस्टिकला पाऊस लागत नाही हे कारण आहेच, आणि कातडे जवळ बाळगण्याची भीती हेही आहे. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांपर्यंत वाढला. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर झोडपून काढले गेले. हजार वर्षे ज्यांना कातडे ओढायला लावले, त्यांनाच आता कातड्यासाठी मार खावा लागतो. विटाळाचे म्हणतात ते कातडे हलगीवरून गेले. हलगी कोणाला बोलवायची हे अजून जातीवरूनच ठरते. विटाळ कातड्यात असता, तर प्लॅस्टिकबरोबर संपला असता.

म्हणून मला वाटते की टाकायची होती ती सक्ती. कला टाकायची नव्हती. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा तमाशाची तीच ढोलकी, तोच डफ त्यांनी कामगारांच्या सभेत उभा केला. वाद्य तेच होते, पण आता ते गावाच्या हुकमावरून वाजत नव्हते. कोणाच्या बोलावण्यावरून आणि कोणासाठी वाजवायचे, हे वाजवणाऱ्याने ठरवणे, एवढाच गुलामी आणि कला यांतला फरक आहे. पण तो मिळवायला पिढ्या लागतात.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा हलगी आढ्यावरून काढली. कातडे एका बाजूने फाटले होते; आंब्याचे कडे मात्र अजून गोल होते. माझी आठ वर्षांची मुलगी त्यावर टिचक्या मारू लागली. मी वडिलांकडे पाहिले. आता रागावतील असे वाटले.

"शिकू दे तिला," ते म्हणाले. "मी दावतो. पर एक ध्येनात ठिव. कुणी बलिवलं म्हून जायाचं न्हाई. आपल्याला वाटलं तर वाजवायचं."

त्यांच्या हातात टिपरू येऊन पन्नासेक वर्षे झाली असतील. फाटलेल्या कातड्यावरही पहिला ठेका त्यांनी चुकवला नाही.

तो तक्ता मी परत दिला. 'लाकूड : आंबा' असे त्यात लिहिले. कागदाच्या कोऱ्या बाजूला पट्टीने आणखी चार रकाने आखले: कातडे कशाचे, ते कोणी कमावले, कोणी वाजवले, वाजवणे कधी आणि का थांबले. सहकारी म्हणाले, एवढे दालनातल्या पाटीवर मावणार नाही. मी म्हणालो, मग पाटी मोठी करा. हलगी अजून माझ्या घरीच आहे.

वाचकांना एवढीच विनंती आहे. आपापल्या वाड्यात, वस्तीत अजून अशी म्हातारी माणसे आहेत. त्यांना हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे नावागावानिशी लिहून ठेवा. लाकडाविषयी नाही विचारले तरी चालेल. त्याची नोंद पुष्कळांनी केली आहे.